पूल पडल्याचं कळलं पाहिजे
स्टुडिओत तिला सगळे मावशी म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. बावीस वर्षं ती सिनेमांच्या आवाजाचं मिक्सिंग करत होती. कुठला आवाज कुठल्या स्पीकरला सोडायचा, हे ती ठरवायची. थिएटरसाठी तिच्याकडे सहा वाटा असत: पाच नेहमीच्या, आणि सहावी फक्त खोल घुमणाऱ्या आवाजाची, ज्याने बसल्या जागी खुर्ची हादरते.

त्या वर्षी एका तरुण दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा तिच्याकडे आला. त्यात एक जुना पूल कोसळतो. त्याचा सगळा गडगडाट सहाव्या वाटेलाच सोडा, असा त्याचा हट्ट. मावशीने समजावून पाहिलं, की घरच्या टीव्हीला दोनच स्पीकर असतात आणि सहाचे दोन करताना ही सहावी वाट बहुतेक वेळा गाळलीच जाते. त्याने ऐकून घेतलं आणि विषय बदलला. वाद घालणं मावशीच्या स्वभावात नव्हतं. तिने तसं मिक्सिंग केलं आणि त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चहाला बोलावलं.

घरी सासूबाई शर्टाला बटणं लावत बसल्या होत्या. मावशीने टीव्हीवर तोच प्रसंग लावला. माणसं किंचाळली, धूळ उडाली. सासूबाईंनी सुईवरून नजर वर केली.

"हे ओरडतायत कशाला?"

"आजी, पूल पडला ना," दिग्दर्शक म्हणाला.

"कधी?"

मावशीला हसू आवरेना, म्हणून ती चहा आणायला आत गेली.

दुपारी दिग्दर्शक स्टुडिओत तिच्या शेजारी मुकाट्याने येऊन बसला. तिने गडगडाटाचा मुख्य भाग समोरच्या स्पीकरांना दिला, थोडा मागच्यांना, आणि सहाव्या वाटेला फक्त वरचा जास्तीचा हादरा ठेवला. संध्याकाळी घरी तोच प्रसंग पुन्हा लावला. या खेपेला सासूबाईंनी दचकून बोटात सुई टोचून घेतली आणि दिग्दर्शकाला चांगलंच फैलावर घेतलं. तो माफी मागत होता, पण चेहऱ्यावरचा आनंद काही लपत नव्हता.

सिनेमा लागला तेव्हा मावशी नवऱ्याला घेऊन मधल्या रांगेत बसली. पूल कोसळताना त्याने नकळत तिचा हात घट्ट धरला. इतक्या वर्षांत त्याने तिच्या कामाची फारशी चौकशी केली नव्हती.

"हे तू केलंस?" मध्यंतरात त्याने विचारलं.

ती हो म्हणाली. मग सिनेमा सुटल्यावर घर येईपर्यंत तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली.