व्याह्यांच्या दारातलं गुलाबी पाणी

आमच्या व्याह्यांइतका भित्रा माणूस साऱ्या खानदेशात झाला नसेल. मी दुसरीतून शाळा सोडलेला, पण माणसं पुष्कळ पाहिली. कुणी सापाला भितो, कुणी तलाठ्याला, कुणी बायकोला. हे आमचे व्याही, म्हणजे सूनबाईचे वडील, जामनेरकडचे, अकरा कोंबड्यांच्या वतीनं सगळ्या जगाला भीत. स्वतः रानात काठीसुद्धा न घेता जात. भीती होती ती घारीची, मुंगसाची, रानमांजराची, आणि रस्सा आवडणाऱ्या स्वतःच्या साडूची. त्या कोंबड्या व्याहीणबाईंनी वाढवलेल्या. बाई गेल्या आणि कोंबड्या यांच्या गळ्यात पडल्या.

त्यांचं खुराडं बघितलं की आपलं घर मोडकं वाटायचं. कमरेइतकं उंच, चार खांबांवर, खांबांना पत्रा गुंडाळलेला, मुंगसाचे पाय घसरावेत म्हणून. तोंड उगवतीला. आत भुईमुगाची टरफलं, ती दर आठ दिवसांनी बदलायची, वर राख भुरभुरायची. बसायची दांडी गोल, कारण चौकोनी दांडी नखात धरता येत नाही म्हणे. अंड्यांवर बसलेली कोंबडी तर घरातच, धान्याच्या कोठीमागे टोपलीत. तिथं मोठ्यानं बोलायची चोरी. दिवेलागणीला खुराड्याला दोन कड्या, कड्यांना तार, तारेवर जात्याची तळी. एवढं करून जेवायला बसायचे आणि अर्ध्या भाकरीवरून उठून कडी चाचपून यायचे. सूनबाईच्या लग्नात मंगलाष्टकं चालू, माणसं हातात अक्षता घेऊन उभी, आणि नवरीचा बाप गायब! खुराड्यापाशी सापडले. "बँडमुये कोंबड्या दचकन्यात," एवढंच म्हणाले.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा दारात घमेलं, घमेल्यात गुलाबी पाणी. "पाय बुडाई ल्या, याही," असं हात जोडून म्हणाले. मी खूष झालो. मुलाचा बाप, मान हवाच. हे गुलाबपाणी असणार, असं मी पाचोऱ्याला येऊन चार ओट्यांवर सांगितलं. दोन वर्षं मी त्या मानात पाय बुडवत होतो. नखं तपकिरी झाली, तरी बुडवत होतो. मग एका सकाळी पाहतो तर व्याही शेजाऱ्याच्या कुत्र्याचा एकेक पाय धरून त्याच घमेल्यात बुडवताहेत.

"हे काय?"

"लाल दवा शे, याही. कोंबड्यासले मानमोडी येस ना, ती पायसंगे येस. दवाखानाना कंपाउंडरनी सांगं."

म्हणजे मी आणि कुत्रा एका पंगतीला! ते माझ्या मनात रुतून बसलं.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो तो वाटेतला बाजार करून. कोंबडीवाल्यांच्या टोपल्यांच्या मधोमध उभा राहून दोन कोंबडे हातात तोलले, घेतला एकही नाही. त्या भागात कोंबड्या मरताहेत, असं लोक बोलत होते. व्याह्यांकडे कोंबड्यांना लस टोचणारा यायला अजून आठ दिवस होते. मला बघताच ते घमेलं दोन्ही हातांनी उचलून सामोरे आले.

"माझ्या पायाला काय घाण लागलीय? मुलाचा बाप आहे मी!"

"तुमना पाय चांगला शेतस, याही. पन ते कोठे कोठे फिरी उनात, माले काय माहीत?"

मी घमेलं ओलांडलं. चपलांसकट अंगणातून थेट खुराड्यापर्यंत गेलो आणि मुद्दाम दोनदा फिरलो. मागे वळून पाहिलं तर व्याही वाकून माझ्या एकेका पावलावर राख टाकत येत होते. मला हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

सहाव्या दिवशी मुलगा सासुरवाडीहून आला. म्हणाला, "आबा, तिकडे एक कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरतेय." माझ्या हातातला घास तसाच राहिला. मग दुसरी मान टाकून बसली, मग चार, असं कळत गेलं. दारावरून एसटी गेली की वाटायचं, कुणी उतरून सांगतंय, याच म्हाताऱ्यानं आणलं. शेवटी राहवलं नाही. गेलो. वाटभर घोकत होतो, हवा वाईट आहे, घारीनं आणलं असेल.

खुराडं उघडं होतं, धुतलेलं. व्याही पायरीवर बसलेले. मी चपला काढल्या आणि दोन्ही पाय घमेल्यात ठेवले.

"धा ग्यात, याही," ते म्हणाले.

"आणि अकरावी?" मी विचारलं.

"कोठीमांगे. अंडासवर बसेल शे."

"आत येऊ?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. "आखो जरासा येळ उभा ऱ्हा."

मी उभा राहिलो.

गावात त्यांनी कुणालाही माझं नाव सांगितलं नाही. हवा उनी, म्हणजे साथ आली, असंच सांगितलं. सूनबाईलासुद्धा.

व्याही जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या अकरावीच्या नातीपणती माझ्या अंगणात फिरतात, आणि दारात घमेलं असतं. येणाऱ्यांना वाटतं, म्हातारा मान देतो. वाटू दे. मी स्वतः बाहेरून आलो की त्यात पाय ठेवतो, आणि मग आणखी जरासा वेळ उभा राहतो.