बाटलीवरचा शब्द

टायफॉइडनंतर आईचे केस मूठमूठ गळले. पुन्हा आले ते काथ्यासारखे कोरडे. फणी अडकली की ती डोळे मिटून घ्यायची. म्हणून मी नाशिक रोडच्या एका दुकानातून कंडिशनर आणलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर बाटली दाराबाहेर, चपलांच्या स्टँडवर ठेवलेली.

आई अंगणवाडीत शिकवायची. इंग्रजी ती तिथल्या मुलांच्या पुस्तकांतून शिकली, आणि निवृत्तीनंतर भिंग घेऊन औषधांची खोकी वाचायची तिला सवय लागली. त्या बाटलीच्या मागे तिला दोन ठिकाणी 'अल्कोहोल' हा शब्द सापडला होता.

मी हसले. केसांना लावून कुणाला चढत नाही, असं काहीतरी बोलून गेले.

"चढत नाही ते मलाही कळतं," ती म्हणाली. "पण तो शब्द मला घरात नको."

आमच्या घरी रोज सकाळी पंचशील म्हणतात. नशेपासून दूर राहायचं पाचवं शील म्हणताना आईचा आवाज थोडा खाली जातो. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, दारूनेच गेला. शेवटचं दीड वर्ष तो आमच्याकडे होता. हे सगळं मी पाहिलेलं होतं, आणि तरी हसले होते. नंतर मला त्याची फार लाज वाटली.

खालच्या मजल्यावरच्या ताई अंबडच्या एका कारखान्यात शाम्पू आणि क्रीमचा माल कालवण्याचं काम करतात. मी त्यांना विचारलं. रविवारी त्या वर आल्या त्या कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या चकत्या घेऊनच. चिमूटभर आईच्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "मावशी, बाटलीवर लिहिलंय ते हे. वास घेऊन बघा."

वास असा नव्हताच. मेणबत्ती किसावी तसं ते दिसत होतं. ताईंनी वाटीत कढत पाणी मागून घेतलं आणि चकत्या त्यात टाकल्या. त्या वितळून तेलासारख्या वर तरंगल्या. पाणी निवलं तसा त्यांचा पांढरा पापुद्रा धरला. हे खोबरेल नाहीतर पाम तेलापासून करतात, केसांवर याचा पातळ थर बसतो, ओलावा टिकतो, फणी सरकते, असं त्यांनी सांगितलं. अल्कोहोलच्या आधी सिटाइल, सिटेअरिल, स्टिअरिल असं काही लिहिलेलं असलं तर ते हेच.

"मग त्याला दारूचं नाव कशाला?" आईने विचारलं.

"शास्त्रात दोघांचं कूळ एक धरतात, मावशी. पण एका कुळातले सगळेच पीत नाहीत ना."

आई हसली, आणि लगेच मान खाली घालून वाटीतला पापुद्रा बोटाने ढकलू लागली.

ताई पुढे सांगत होत्या. दुसरं अल्कोहोल उडून जाणारं. ते दारूतलंच, फक्त कुणी पिऊ नये म्हणून त्यात कडू काही मिसळलेलं. झटकन सुकावं म्हणून ते स्प्रेमध्ये, जेलमध्ये घालतात. रोज वापरलं तर केस कोरडे पडू शकतात. मी उठून माझा हेअर स्प्रे आणला. घटकांच्या यादीत पहिलाच शब्द 'अल्कोहोल' होता, पाण्याच्याही वर.

ऑफिसला निघताना मी स्प्रे मारायचे तेव्हा आई गॅलरीत जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, कुंड्यांना पाणी घालतेय.

"तुला वास यायचा का गं?" मी विचारलं.

"यायचा. पण तुझी निघायची गडबड असायची."

किती वर्षं, ते मी विचारलं नाही. स्प्रे टाकून दिला; तिने तसं सांगितलं नव्हतं. चपलांच्या स्टँडवरची बाटली मात्र तिने स्वतः आत आणली, आणि न्हाणीत स्टुलावर बसून माझ्याकडून केसांना लावून घेतलं. फणी एकदाच अडकली.

पुढे विहारातल्या बायका तिच्याकडे बाटल्या घेऊन येऊ लागल्या. ती भिंगाने वाचते, कोणतं मेणासारखं आणि कोणतं उडणारं ते सांगते. परवा एकीने खोकल्याचं औषध आणलं. त्यात खरंच दारूतलं अल्कोहोल होतं. हे घेऊ की नको, तिने विचारलं.

आईने भिंग खाली ठेवलं.

"आत काय आहे ते मी सांगू शकते," ती म्हणाली. "घ्यायचं का, ते डॉक्टरांना विचार. आणि मग तुझं तू ठरव."

बाईला सरळ हो किंवा नाही हवं होतं. ती जरा नाराज होऊनच जिना उतरली.