शीला मॅडमनं लावलेली कडी

शीला मॅडमनं मुख्याध्यापकाले वर्गात कोंडलं, ही बातमी घाटंजीच्या बाजारात वांग्यांच्या आधी खपली. साफ खोटी! मी मॅडमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. अफवा उठवायचा पहिला हक्क माझा, तो भाजीवाल्यानं कायले घ्यावा? मुख्याध्यापक बाहेरच होते. मॅडमनं दहावीच्या वर्गाची कडी आतून लावली, एवढंच.

कापसाला भाव नाही, वेचणीला मजूर परवडत नाही, म्हणून घरोघरची पोरं शेतात. दिवाळीपासून वर्ग अर्धा रिकामा. मॅडम गणिताच्या. रोज संध्याकाळी दारोदार फिरायच्या, "सोमवारी तरी पाठवा हो." माझी पुतणी नलू, तिच्यासाठी आमच्याकडेही आल्या. मी म्हटलं, "तुम्हीच या ना वेचायला!" त्यांनी असं पाहिलं की माझा चहा गार झाला.

सोमवारी वर्ग भरला. फळ्यावर त्रिकोण निघाला अन् दारात लालसिंग शिपाई. मुख्याध्यापक यज्ञेश्वर सरांचं ऑफिस भिंतीपलीकडेच, पण शिक्षकांशी स्वतःच्या तोंडानं बोलणं त्यांना कमीपणाचं.

"मॅडम, सर विचारून राह्यले, हजेरी किती?"

सांगितली. पुन्हा त्रिकोण.

"मॅडम, पाहुणे येऊन राह्यले. पोरी रांगोळीले पाठवा म्हणते."

पोरी गेल्या.

"मॅडम, पाहुणे रद्द."

पोरी परतल्या. हात रंगलेले, डोक्यातला त्रिकोण पुसलेला.

वर्षभर हेच. "सगळ्या सूचना मधल्या सुट्टीत एकदाच द्या," असं मॅडमनं सरांना विनवलं होतं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, तेही भर तासात, लालसिंगकडूनच: "विचार करू." अरे, कसला विचार? बाईला शिकवायला उभं करता, तिचं वाक्य पुरं होऊ देत नाही, अन् निकाल पडला की वर तिलाच ऐकवता, "मॅडम, तुमचं काम दिसत नाही"! दिसेल कसं? काम सुरू झालं की दारात तुमचा माणूस!

चौथ्यांदा लालसिंग येताना दिसला तशी मॅडमनं कडी घातली. त्यानं दार वाजवलं, वाजवलं, आणि परत गेला. मग सर स्वतः आले.

"मॅडम, दार उघडा! तातडीची सूचना आहे!"

नलू सांगते, मॅडमनं खडूसुद्धा खाली ठेवला नाही. रेघ पुरी केली आणि आतूनच म्हणाल्या,

"सर, ही पोरं उद्या पुन्हा कापूस वेचायला जातील. तुम्ही इथंच आहात. मधल्या सुट्टीत मी येते, तेव्हा बोला."