काकींचं घर लबाड ठरलं तेव्हा

आधी काकींचं सांगतो. गोव्यात मोरजीला मी राहतो ती खोली त्यांची. चंदगडकडून नववी सोडून वायरिंगच्या कामाला आलेल्या पोराला त्यांनी ठेवून घेतलं. मोबाईलवर बघून बघून मी प्रोग्रामिंग शिकलो, तेव्हा "रे पुता, जेवान तरी घे मगे टकटक कर" म्हणून ताट पुढे सरकवायच्या त्याच.

यंदा होडीवाल्यांच्या संस्थेने मला पहिलं मोठं काम दिलं. बर्फ आणि मासळीची नोंद एकट्या संस्थेकडे न राहता पाच घरांतल्या कम्प्युटरांवर राहावी, म्हणजे ब्लॉकचेनवर. काकींचीही होडी आहे, म्हणून एक कम्प्युटर त्यांच्याकडे. आता नोंद पक्की कुणी करायची? एक वाट स्टेकिंगची: प्रत्येक घराने टोकनं, म्हणजे कम्प्युटरवरची नाणी, अनामत ठेवायची, ज्याची जास्त त्याला नोंद करायची जास्त संधी, लबाडी दिसली की अनामत कापून घर बाहेर. दुसरी साधी: ओळखीच्या घरांनी पाळीपाळीने नोंद करायची. मी स्टेकिंग घेतलं. सगळ्या व्हिडिओंत तेच होतं, आणि शाळा सोडलेल्या माणसाला चार शिकलेले करतात तेच बरोबर वाटतं.

चाचणीला सगळे शेजारच्या चोपडे गावात संस्थेच्या खोलीत जमले. हे काम गेलं तर परत गावाकडे, एवढंच माझ्या डोक्यात. आणि पडदा लाल झाला. काकींचं घर बाहेर. कारण: लबाडी. एका वेळी दोन सह्या, म्हणजे एकाच घराने दोनदा नोंद पक्की करायचा डाव.

मला काही कळेना. तेवढ्यात काकी स्कूटरवरून आल्या, हसत. "लायट गेली रे! तुझो दुसरो लॅपटॉप चालू करून इलंय. तुझा काम थांबाक नको म्हणान."

मग कळलं. वीज रोजच जाते म्हणून काकींच्या घराची सही जिने होते ती डिजिटल किल्ली त्या लॅपटॉपमध्येही घालून तो मीच तिथे ठेवला होता. वीज परत आली, पहिला कम्प्युटर आपोआप जागा झाला, आणि एकाच घराच्या दोन सह्या पडल्या.

"काय गो वैनी," अध्यक्ष म्हणाले, "दोन ताटांत जेवूक बसलंस?"

खोली खदखदली. मी मान खाली घालून कीबोर्डवर वाकलो. काकींनी पडदा बघितला, मला बघितलं.

"चूक माझी. पोराक कित्याक बघतास?" मग हळूच म्हणाल्या, "पण माका लबाड म्हणूक मशिनीक शिकयल्यान कोणी?"

मीच शिकवलं होतं. तो शब्द माझ्या हाताने टाइप केलेला.

हसू थांबलं. कोपऱ्यातले एक म्हातारे होडीवाले म्हणाले, "देवळात एका वांगडाची पाळी आसता. घरात सुतक इला तर फुडचो वांगड दिवो लायता. दंड खंय घेतंव आपण?" वांगड म्हणजे मानकऱ्यांची भावकी, उत्सव त्यांच्यात फिरतो, हे मला इथे येऊन कळलेलं. पण ते माझ्या कामाचं आहे, हे त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

मी दुसरी वाट धरली. आता एखादं घर बंद पडलं की पाळी पुढे सरकते. दोन सह्या आल्या तर दुसरी बाजूला राहते आणि आधी त्या घरी फोन जातो. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. "पाळीचा आसा मगे? कर." काम माझ्याकडेच राहिलं. पहिली पाळी काकींच्या घरची.

अजूनही लाईट गेली की मी आधी काकींच्या कम्प्युटरकडे धावतो. काकी, त्या दिवशी तुमच्यावर बोट रोखलं गेलं आणि मी मुका बसलो. पुन्हा कधी चारचौघांत तशी वेळ आली, तर तुमच्या आधी मी उठून बोलेन. तुमच्या ताटाचं ऋण मी असंच फेडणार.