उपरण्याखालचा हात

मालिश शिकवणाऱ्या बाईंनी पुण्यात आम्हाला हातापायांबद्दल पुष्कळ सांगितलं, पण बोर्डाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. नगरला सावेडीत खोली भाड्याने घेतली तेव्हा मी हौसेने 'मसाज सेंटर' असा बोर्ड रंगवून घेतला आणि खाली मोबाईल नंबर टाकला. पहिल्या आठवड्यात जे फोन आले ते सगळे पुरुषांचे. "फक्त बायकांसाठी आहे," म्हटलं तर एकजण म्हणाला, "मग बायकोला घेऊन येतो, मी नुसता बसून राहीन." त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोर्ड उतरवला आणि नवा करून घेतला: 'महिलांसाठी अंगमालिश. बाळंतीण, कंबरदुखी, मानदुखी.' नंबर काढून टाकला. ज्यांना यायचं असतं त्या जिना चढून येतात.

पलंगाच्या बाबतीतही असाच घोटाळा झाला. सुताराने तो जेवणाच्या टेबलाएवढा उंच करून दिला आणि मीही बघितलं नाही. महिनाभरात लोकांच्या कमरा मोकळ्या झाल्या आणि माझे खांदे धरले. पलंग उंच असला की जोर खांद्यातून लावावा लागतो. तो बेताचा असला तर आपण नुसतं पुढे झुकायचं, अंगाचं वजनच काम करतं. सरळ उभं राहून हात खाली सोडले की मूठ जिथे टेकेल तेवढी उंची पुरते. पलंगाचे पाय कापून घेतले तेव्हा सुतार म्हणाला, "आधी सांगायचं ना ताई." आधी कळलं असतं तर सांगितलं नसतं का?

नखं कायम बारीक ठेवावी लागतात. अंगठा जपून वापरावा लागतो, कारण तो एकदा दुखावला की धंदा बसला; जिथे कोपराने भागतं तिथे मी अंगठा लावत नाही. आणि बांगड्या घालून मालिश होत नाही, काचेच्या घालून तर नाहीच. खोलीवर आले की त्या काढून डब्यात ठेवते आणि घरी निघताना परत हातात घालते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मोकळ्या हातांनी घरात येऊ देत नाहीत. त्यांच्याशी वाद घालून दमले. त्यापेक्षा डबा सोपा.

विचारपूस मात्र मी कुणाचीच सोडत नाही. बाई आल्या आल्या म्हणते, "काही नाही हो, नुसतं अंग दुखतंय." त्या 'काही नाही'वर माझा विश्वास नाही. ताप आहे का, दिवस गेलेत का, कसली गोळी चालू आहे, पोटाचं ऑपरेशन झालंय का, सगळं विचारते. पाथर्डीकडची एक बाई ऊसतोडीहून परत जाताना नगरला बहिणीकडे उतरली होती. बहीण तिला घेऊन आली. मोळ्या वाहून वाहून मान आखडलेली होती, ती मी मोकळी करून दिली. मग तिने पाय पुढे केला. एकच पोटरी सुजलेली आणि हाताला गरम लागणारी. "हितं जरा जोर लावा," म्हणाली. मी हात काढून घेतला आणि तिला आधी डॉक्टरला दाखवायला सांगितलं.

"यवढ्या लांबून आले, आन तुमी नुसतं बघता व्हय?"

रागावून गेली. पुढे काय झालं मला कळलं नाही. पण एकाच पायाची अशी सूज चोळायची नसते, आत रक्ताची गाठ असू शकते, हे आज ती परत आली तरी मी तसंच सांगेन.

घर घोडेगावला. सकाळच्या एसटीने नगरला जायचं आणि अंधार पडायच्या आत परत. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, घोडेगावच्या बाजारात जनावरांचे दलाल. आमच्या बाजारात गायी-म्हशींचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल खांद्यावरचं उपरणं काढून आपल्या आणि समोरच्याच्या हातावर टाकतो आणि त्याखाली बोटं धरून आकडा सांगतो. भोवती कितीही माणसं उभी राहिली तरी आकडा त्या दोघांनाच कळतो. मामांचा हात यात नावाजलेला. त्यांनी बोट दाबलं की परत विचारावं लागत नाही, असं लोक म्हणत. मामा घरात फारसं बोलत नसत. त्यांचं बोलणं सगळं त्या उपरण्याखाली व्हायचं.

लग्न झाल्यावर मी नगरला काम सुरू करायचं म्हटलं, तेव्हा ते मला काही बोलले नाहीत. मी समोर बसलेली असताना आत्यांना म्हणाले, "तिला सांग, पुरुषाच्या अंगाला हात लावायचा न्हाई. यवढं पाळलं तर काय करायचं ते कर म्हणावं." मला तसंही बायकांचंच काम करायचं होतं, पण अट म्हणून ऐकताना ते झोंबलं. त्याहून जास्त झोंबलं ते नंतर. बाजारात कुणी विचारलं तर मामा सांगत, सून दवाखान्यात कामाला हाय. माझ्या कामाची त्यांना लाज वाटायची आणि त्या लाजेचा मला संताप यायचा. तो मी भाकरीच्या पिठावर काढत असे.

मागच्या दिवाळीनंतर मामांना अर्धांगाचा झटका आला. वेळेवर नगरच्या दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. तोंड सरळ झालं, वाचा आली, काठी धरून चालायला लागले. उजवा हात मात्र मागे राहिला. घरी सोडताना तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सगळं करून दाखवलं: हात रोज हलका चोळायचा, बोटं एकेक उघडायची आणि मिटायची, आणि काही झालं तरी खांद्यातून हात ओढायचा नाही. सुरुवातीचे महिने वाया गेले तर बोटं आखडून बसतात, म्हणाल्या. मी काय काम करते ते कळल्यावर त्या हसून म्हणाल्या, "मग काय, घरातच सोय आहे." मामा भिंतीकडे बघत राहिले.

डिस्चार्ज घेताना त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, बाजारात कधी जाता येईल. डॉक्टर म्हणाले, पायांनी लवकर जाल, हाताचं सांगता येत नाही. मामांना पायांशी काही देणंघेणं नव्हतं.

घरी पहिल्या दिवशी नवऱ्याने हात चोळायला घेतला. त्याचं दूधसंकलनाचं काम, सकाळी फोनवर फोन. म्हैस धुवावी तसा हात घासला आणि उठताना खांद्यातून ओढला. मामा कळवळले. आत्यांची बोटं संधिवाताने आधीच वाकडी झालेली, त्यांना दाब जमेना. मी म्हटलं, "मामा, मी करते."

"न्हाई."

"का पण?"

ते आत्यांकडे वळले. "तिला सांग, अट मीच घातलीय. आन आता मीच मोडू व्हय?"

मी पुष्कळ बोलले. तुम्ही पेशंट आहात, दवाखान्यात नर्सने आंघोळ घातली तेव्हा चाललं, मग सुनेचाच हात का चालत नाही? आत्या मला डोळ्यांनी गप्प करत होत्या. मामा उठून ओट्यावर जाऊन बसले. रोज सकाळी मी एसटीने जाऊन परक्या बायकांच्या माना मोकळ्या करत होते आणि घरातला हात आखडत चालला होता. थोड्या दिवसांत बोटं तळव्यात वळायला लागली. आत्या त्यांची नखं कापायला गेल्या तर मूठ उघडेना. तेव्हा मला राग सोडून भीती वाटायला लागली.

बाजाराच्या दिवशी मी खोली बंद ठेवते, रस्त्यावर टेम्पोंची गर्दी असते म्हणून. अशाच एका सकाळी मामा ओट्यावर बसून जनावरं भरलेले टेम्पो जाताना बघत होते. मी तेलाची वाटी घेऊन गेले आणि त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. त्यांच्या खांद्यावरचं उपरणं काढलं, त्यांच्या उजव्या हातावर पसरलं आणि माझा हात खाली घातला.

"बाजारात अनोळखी माणसाचा हात धरता ना?" मी म्हटलं. "मग तसंच समजा. मला काही दिसत नाही आणि बघणाऱ्यालाही काही दिसत नाही."

मामांनी हात ओढला नाही. तो ओढून घेण्याइतका चालत नव्हता हेही खरं, पण डावा धड होता, त्याने उपरणं फेकता आलं असतं. ते रस्त्याकडे बघत राहिले. मी अंगठ्याच्या बुडापासून सुरुवात केली.

न बघता मालिश करायची मला सवय नव्हती. कातडी कुठे लाल होते, चेहरा कुठे आखडतो, यावर मी जोर ठरवते. इथे हात कापडाखाली आणि चेहरा टेम्पोकडे. सगळं बोटांनीच समजून घ्यावं लागलं: कोणती शीर ताठ आहे, कुठे बोट सैल पडतंय. तेलाने उपरण्याचं पोतेरं झालं. आत्यांनी सोड्यात भिजवून धुतलं, कुरकुर केली आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जुनं उपरणं ओट्यावर आणून ठेवलं.

मग ते रोजचंच झालं. नगरला निघायच्या आधी मी ओट्यावर बसायची. काही आठवड्यांनी तळवा उघडायला लागला. एक दिवस मामा सरळ माझ्याशी बोलले, आत्यांमार्फत नाही.

"नुसतं चोळून काय व्हतंय? बोटांना काम दे."

आणि त्यांनी मला बाजारातली भाषा शिकवली. समोरच्याचं एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार ते जनावर बघून समजायचं. मामा आकडा धरायचे, मी ओळखायची. मी चुकले की म्हणायचे, "गेली तुझी म्हैस फुकटात." हा माणूस चेष्टा करतो हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळत होतं. मला ती सकाळची वेळ आवडायला लागली. कधीकधी एसटी चुकायची, चुकू द्यायची.

ऊन तापायला लागलं तसे मामा चमचा धरू लागले, बटण लावू लागले. मग एका बाजाराच्या दिवशी बघते तर पांढरा सदरा, टोपी, इस्त्रीचं उपरणं घालून तयार. त्यांचा बाजारातला जुना जोडीदार जीप घेऊन आला होता. आत्यांनी घाईने चहा टाकला.

"निघतो," मामा म्हणाले. मग मला बोलावलं. "ये. एक सौदा करून बघू."

त्यांनी उपरणं टाकलं आणि माझी बोटं धरली. जोडीदार दारात उभा होता.

"चार," मी म्हटलं.

मामांनी हात सोडला, परत धरला. "नीट बघ."

त्यांना दोन म्हणायचं होतं. माझी दोन बोटं धरायला गेले की त्यांची बाकीची बोटंही मिटून माझी चारही पकडीत येत होती, आणि ती बाकीची बोटं मागे ठेवायच्या प्रयत्नात थरथरत होती. इतके महिने तो हात धरल्यावर मला हे न कळायला काय झालं? 'दोन' म्हटलं असतं तर मामा जीपमध्ये बसले असते. पण बाजारात समोर मी नसणार होते. तिथे त्यांच्या बोटांवर विश्वास ठेवून कुणीतरी जनावर देणार होतं.

"चारच लागतायत, मामा."

जोडीदाराला अंदाज आला असावा. "तोंडानं सांगा की दादा," तो म्हणाला. "आता तर फोनवरबी सौदे व्हत्यात."

मामा हसले नाहीत. त्याला म्हणाले, "तू हो फुडं."

त्यांनी डाव्या हाताने उपरणं ओढलं आणि खांद्यावर टाकलं. त्यांचा उजवा हात माझ्या हातात तसाच, जोडीदारासमोर, उघड्यावर. मी पटकन हात मागे घ्यायला गेले.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "बाजार ऱ्हायला. पर भाकरी तरी ह्याच हातानं मोडू दे. चोळ."

या माणसाने माझं काम चारचौघांत काम म्हणून मानावं, एवढंच मला लग्न झाल्यापासून हवं होतं. ते मिळालं आणि मला जराही आनंद झाला नाही. मी तेलाची वाटी जवळ ओढली. बाहेर जीप सुरू झाली. मामांनी तिकडे मान वळवली नाही, पण माझ्या हातातली त्यांची बोटं एकदम ताठ झाली. ती सैल पडेपर्यंत मी चोळत राहिले.