आता येऊ का वर?

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा शनिवारची दुपार होती आणि मी मस्त पोहे खात बसलो होतो. सांता क्लाराहून त्या सहसा रविवारी फोन करतात, म्हणून मी थट्टेतच म्हटलं, "काय वहिनी, आज वार चुकलात!" मग म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले हो." भाजी घ्यायला दोघं गेले होते. वहिनी आत दुकानात, आणि मधू, त्यांचा नवरा आणि माझा जुना दोस्त, बाहेर पार्किंग लॉटमध्ये रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत. "आत चला म्हटलं तर म्हणाले, तू हो पुढे, शेवटची इनिंग आहे... मी परत आले तर... गाडीतच, एकटेच." हार्ट अटॅक. वय एकेचाळीस. माझ्या डोक्यात मात्र 'गाडीत, एकटेच' एवढंच अडकून बसलं. दीड महिना झाला, अजून तिथून हललेलं नाही. का, ते आज सांगून टाकतो.

मधू अमरावतीचा, मी पुण्याचा. न्यू जर्सीत एकाच ऑफिसात लागलो, आणि पहिल्याच दिवशी माझा डबा बघून तो म्हणाला, "साबुदाणा? अरे यार, उपास करतोस की चैन?" झाली दोस्ती! मी जर्सी सिटीत चौथ्या मजल्यावर, नव्यानेच लग्न झालेला. तो दोन गल्ल्या सोडून एका तळघरातल्या खोलीत, सडाफटिंग. टीव्ही आमच्याकडे, त्यामुळे मधूही आमच्याकडेच. कॉलेजात तो क्रिकेटचा स्कोअरर होता, त्यामुळे बेसबॉल त्याने स्कोअर लिहून लिहूनच शिकून घेतलं. एक लांबट वही आणली, पट्टीने रेघा मारल्या, आणि प्रत्येक मॅच पेन्सिलीने लिहून काढायला लागला. टीम निवडली ती कुठली? नदीपलीकडची, टेबलात अगदी तळाला गेलेली. रोज मार खायची! माझी बायको नलिनी वैतागून म्हणायची, "अहो भाऊजी, जरा जिंकणारी टीम धरा ना!" तर हा म्हणे, "वहिनी, त्यांच्याकडे बघायला लोक आहेत. यांच्याकडे कोण बघणार?"

त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एकदा स्टेशनावरून चालत येताना त्याने मला एक गोष्ट सांगितली. तो जन्मला आणि महिन्याच्या आत त्याचे वडील वारले. आत्याने तेराव्यालाच जाहीर केलं, पोरगं पांढऱ्या पायाचं आहे. तेव्हापासून घरात काही शुभ असलं की मधूला मागच्या खोलीत बसवायचे. चुलतबहिणीचं लग्न त्याने खिडकीच्या गजांतून पाहिलं. हे सगळं हसत हसत सांगून म्हणाला, "इथे बरं आहे बघ. पायगुण म्हणजे काय, हे इथे कोणाला ठाऊकच नाही." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणजे मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं, हीच खरी गोम आहे.

आणि मग ती सिरीज आली. तीन मॅचेस, आमच्या मैदानावर, समोर टेबलात सगळ्यात वर असलेली टीम. आमच्यांची पार धुलाई होणार असंच सगळे धरून होते. शुक्रवारी संध्याकाळी मधू ऑफिसात अडकला, आणि आमची टीम चक्क जिंकली! शनिवारी दुपारी तो खालच्या लाँड्रोमॅटमध्ये कपडे धूत होता. आठव्या इनिंगपर्यंत आम्ही पाच रनांनी पुढे. तेवढ्यात हा पिशवी घेऊन वर आला, सोफ्यावर टेकला, आणि समोरच्यांनी धडाधड चार रन काढले. जेमतेम वाचलो. माझ्या मनात मात्र किडा वळवळला. पुण्यात आम्ही क्रिकेट ऐकताना जो जिथे बसलाय तिथून त्याला हलू द्यायचो नाही. रेडिओसुद्धा जागेवरून उचलायचा नाही. त्या वेडेपणाची सवय मी समुद्र ओलांडून सोबत आणली होती.

रविवारी दुपारी तिसरी मॅच. वही बगलेत मारून मधू दारात उभा. दोन दिवस धड मॅच बघायला मिळालेली नव्हती, म्हणून स्वारी घाईत. ऑफिसातला शेखरही आला होता, नलिनी भजी तळत होती. आणि मी, दारातच, सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मध्या, आज तुझा पायगुण नको रे बाबा! तू नसलास की जिंकतो आपण." शेखर खो खो हसला. मधूही हसला. एक क्षण त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि म्हणाला, "बरोबर आहे. मी खाली गाडीत ऐकतो." मी तरी अडवावं ना? नाही! मी म्हटलं, "भजी खाली पाठवतो." आणि तीही पाठवली नाहीत. विसरलो.

ती मॅच मी आयुष्यात विसरणार नाही. नववी, म्हणजे शेवटची इनिंग. आम्ही एका रनने पुढे, समोरच्यांची बॅटिंग, दोन आउट, तिसरा गेला की खेळ खलास, पण त्यांची दोन माणसं बेसवर, रन काढायला टपलेली. शेखर देव आठवत होता, नलिनी कढई सोडून येऊन उभी. चेंडू उंच उडाला, आणि आमच्या फिल्डरने मागे धावत जाऊन झेलला. तिन्ही मॅचेस आमच्या! तळातल्या टीमने अव्वल टीमला झोपवलं होतं. आम्ही ओरडलो, नाचलो, सगळी भजी संपवली. चांगला अर्धा तास गेल्यावर नलिनी म्हणाली, "अहो, मधूभाऊजी?" मी खाली धावलो. तो गाडीत काच खाली करून बसला होता, वही मांडीवर. मला बघून म्हणाला, "आता येऊ का वर?"

अजून ऐकू येतं ते. संध्याकाळी त्याची खटारा गाडी चालूच होईना. शेखरने आणि मी ढकलली, आणि ढकलता ढकलता मी अक्कल पाजळलीच, "गाडीही तुझ्याच पायगुणाची रे!" जीभ झडायला हवी होती माझी.

पुढे मधू बदलला असं म्हणणार नाही. तेवढाच हसायचा, तेवढाच जेवायचा. फक्त महत्त्वाच्या वेळी खोलीतून निघून जायला लागला. आमच्या मीराच्या जन्माच्या वेळी नलिनीला त्यानेच हॉस्पिटलात नेलं, आणि आठ तास गारठ्यात पार्किंग लॉटमध्ये बसून राहिला. बारशाला पाळणा हलवून झाल्यावर आला, चांदीचे वाळे घेऊन. "ट्रॅफिक होता," म्हणे. दोन गल्ल्यांत कसला ट्रॅफिक? मला कळलं होतं. माफी मागायची, असं मी किती वेळा ठरवलं! तो कॅलिफोर्नियाला निघाला तेव्हा एअरपोर्टवर शब्द अगदी ओठांवर आले, आणि मी म्हणालो काय, तर "पोचलास की फोन कर."

गेल्या आठवड्यात वहिनींनी पोस्टाने ती वही पाठवली. "तुमच्याकडेच असावी, असं वाटलं," अशी चिठ्ठी. मी थेट त्या रविवारचं पान काढलं. सात इनिंग्ज सुबक, छापल्यासारख्या. आठवी अर्धवट. आणि नववीचं अक्षर वेडंवाकडं, वही भिंतीला टेकवून उभ्याने लिहिल्यासारखं. खाली बारीक मराठीत लिहिलं होतं: 'गाडीची बॅटरी डेड. रेडिओ बंद. यांच्या दाराबाहेर उभा आहे. आतला टीव्ही नीट ऐकू येतो. बेल वाजवली नाही.' त्याखाली आणखी एक ओळ होती, दोनदा अधोरेखित केलेली: 'मी इथेच होतो. तरी जिंकलो.'

म्हणजे तो चेंडू हवेत होता तेव्हा आमच्यात आणि त्याच्यात फक्त एक दार होतं. मग तो चार जिने उतरून परत गाडीत जाऊन बसला, माझा समज मोडू नये म्हणून. त्याला इतकी वर्षं माहीत होतं की त्याच्या पायात काही खोट नाही, तरी माझ्या मनात शंका नको म्हणून तो बाहेरच बसत राहिला, आणि त्याने ते मला एकदाही ऐकवलं नाही... मी ऐकायच्या लायकीचाच नव्हतो.

परवा मॅच लावली. सोफ्यावर बसलो, वही शेजारी ठेवली. मग उठलो आणि बाहेरचं दार सताड उघडलं. नलिनी म्हणाली, "अहो, दार का उघडं टाकलंत?" मी म्हटलं, "राहू दे. मॅच संपेपर्यंत राहू दे."