न जमलेलं बटण

आमच्या घरी मुलगी मोठी झाली की नाही, हे तिच्या बोटांवरून ठरायचं. बिडीचं तोंड नीट दुमडून बंद करता आलं की झाली ती मोठी. मग तिच्या मांडीवर बिड्यांचं सूप यायचं, आणि एकदा आलेलं सूप लग्नापर्यंत उतरायचं नाही.

गोंदियाच्या कडेला, मुर्रीच्या वाटेवर आमचं घर होतं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. बाबा भाताच्या गिरणीत हमाली करायचे. आई मी रांगत असतानाच गेली, म्हणून मला वाढवलं मोठ्या मायनं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या विधवेनं. ती घरी बसून बिड्या वळायची आणि तिची मुलगी शेजारी बसून तोंडं बंद करायची. त्या उन्हाळ्यात मुलगी लग्न होऊन अर्जुनी मोरगावकडे गेली. आता पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, तोंड दुमडणं, दोरा बांधणं, सगळं एकटीच्या अंगावर आलं. संध्याकाळी तिला भाकर मोडायला त्रास व्हायचा.

मी तेव्हा बालमंदिरात जात होते. वर्ध्याकडून शिकून आलेल्या एका बाईंनी ते वस्तीत काढलं होतं. तिथं ना पाटी, ना छडी. एका लोट्यातले तांदूळ न सांडता दुसऱ्या लोट्यात ओतायचे. डोळ्यांवर फडकं बांधून लाखोळीचे दाणे आणि चणे वेगळे करायचे. बोडीतली, म्हणजे शेततळ्यातली, चिकणमाती मळायची. लाकडी चौकटीवर दोन कापडं ठोकलेली असत, त्यांची बटणं लावायची आणि काढायची. वस्तीतले लोक हसत. तांदूळ ओतायला शाळा, म्हणजे भिकेचे डोहाळे, असं म्हणत. म्हणोत बापडे. मला ती जागा जिवापाड आवडायची, कारण तिथं केलेलं काम कुणी गठ्ठे बांधून घेऊन जात नसे. लावलेली बटणं काढायची आणि पुन्हा लावायची, बस्स.

बाई शिकलेल्या होत्या, पण कुणाला काय सांगू नये एवढं मात्र शिकायच्या राहिल्या होत्या. एक दिवस वाटेत बाबा भेटले तर त्यांनी कौतुकानं सांगून टाकलं की, तुमच्या मुलीची बोटं वयाच्या मानानं फार तयार आहेत, डोळे मिटून बटणं लावते. बाबांनी ते ऐकलं आणि घरी येऊन मोठ्या मायला सांगितलं. मी दाराआड उभी होते.

"हात तयार असन त उद्यापासून बसवा तिले तुमच्याजवळ," बाबा म्हणाले. "नसन त राहू द्या अजून. तुम्हीच पाहून या, वहिनी."

दुसऱ्या दिवशी मोठी माय खरंच आली. दाराशी उकिडवी बसली, पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि मला पाहू लागली. मला म्हणजे माझ्या बोटांना. बाईंना आनंद झाला. आजवर कुणाची आई आत डोकावली नव्हती. त्यांनी लगबगीनं चौकट आणून माझ्यापुढं ठेवली आणि दाखव म्हणाल्या.

मी वरचं बटण दुसऱ्याच काजात घातलं. खालचं तिसऱ्यात. कापड चुरगळलं. वाटतं तितकं हे सोपं नसतं. अंगठा आपोआप काजाखाली जायचा, आणि मला तो मुद्दाम ओढून बाहेर काढावा लागायचा. एक बटण तर चुकून नीट बसलंच. मी घाईनं ते काढलं आणि वर पाहिलं, तर मोठी माय पापणी न हलवता बघत होती.

बाई गोंधळल्या. त्यांनी चौकट उचलली आणि घडी घालायला रुमाल दिला. मी त्याचा बोळा केला. माझ्या कपाळावरून घाम ओघळून नाकावर आला, पुसायचीही भीती वाटत होती.

"हे रोज असंच करते काय वो बाई?" मोठ्या मायनं विचारलं.

मी बाईंकडे पाहिलं. नाही म्हणू नका, एवढंच मनात चाललं होतं. पण बाई पडल्या सरळ. त्या म्हणाल्या, छे हो, ही तर सगळ्यांत पुढं आहे, आज काय झालं कोण जाणे. मोठी माय उठली. माझं मनगट धरून मला दारापर्यंत नेलं. आता संपलं, असं मला वाटलं. दारात तिनं माझे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले आणि मग हात सोडून दिला.

"बस इथंच," म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी बाबा जेवत असताना तिनं सांगितलं की पाहून आले, पोरीच्या बोटात काहीच दम नाही. बाबांना ते पटलं नाही. मास्तरीण त वेगळंच सांगून राहिली होती, असं ते म्हणाले. मोठी माय बिड्या वळत राहिली. मी तिच्याजवळ टेकून बसले होते. दिवसभराची भीती उतरली होती आणि मला तिची फार माया आली होती. सुपात उघड्या तोंडाच्या बिड्या पडल्या होत्या. माझ्या मनात काही नव्हतं, पण हात गेला. मी एक उचलली, पानाच्या कडा अंगठ्यानं आत दुमडल्या, तोंड गच्च बंद केलं आणि तिच्यासमोर ठेवली. अगदी तिच्या मुलीसारखी जमली होती.

मोठ्या मायनं फाडकन माझ्या हातावर मारलं. इतक्या जोरात तिनं मला आधी कधी मारलं नव्हतं. मग ती बिडी मुठीत घेऊन चुरगळली, तंबाखू तिच्या लुगड्यावर सांडला.

"तुले येत नाई," ती माझ्या कानाशी म्हणाली. "समजलं? तुले येत नाई."

बाबांनी ताटावरून मान वर केली आणि काय झालं म्हणून विचारलं.

"पान फाडलं पोरीनं," मोठी माय म्हणाली, आणि आखडलेल्या बोटांनी पुढच्या बिडीचं तोंड स्वतःच बंद करायला लागली.